सेन्सर लावून कण्याची लवचिकता मोजताना या चुका टाळा

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिससारख्या दाहक संधिवातात कणा किती वाकतो हे आजही बहुतेक ठिकाणी मोजपट्टीनेच पाहतात. शोबर चाचणीत कंबरेवर खुणा करायच्या आणि पुढे वाकल्यावर त्यांच्यातलं अंतर किती वाढलं ते बघायचं. पाठीवर चिकटवायचा छोटा हालचाल-सेन्सर सेंटिमीटरऐवजी अंश देतो, तेही हालचाल चालू असताना. मात्र तो मणक्याचा नव्हे, स्वतःचा कल मोजतो. बहुतेक चुकांचं मूळ हे विसरण्यात आहे.

पाठीच्या वरच्या भागावर एकच सेन्सर चिकटवणं ही सर्रास होणारी चूक. रुग्ण वाकला, 80 अंश आले, कंबर उत्तम असा शेरा पडला. पण कंबर ताठरलेला माणूस खुब्यातून वाकतो आणि हात बऱ्यापैकी खाली नेतो. म्हणून दोन सेन्सर हवेतच. एक माकडहाडाच्या वर, कंबरेखालच्या दोन खळग्यांना जोडणाऱ्या रेषेवर. दुसरा कंबरेच्या पहिल्या मणक्यावर. वरचा 80 आणि खालचा 58 दाखवत असेल, तर कंबरेच्या वाट्याला 22 अंशच उरतात.

जागा अंदाजाने ठरवू नका. दोन्ही बाजूंच्या कटीच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा साधारण कंबरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. तिथून तीन मणके वर मोजा. खुणा रुग्ण उभा असतानाच करा, कारण झोपवून केल्या तर उठल्यावर कातडी सरकते. खळग्यांच्या रेषेपासून वरच्या सेन्सरचं अंतर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तीच जागा सापडेल.

चिकटवण्याआधी घाम आणि तेल पुसा. दुहेरी टेप सेन्सरच्या तळाएवढीच कापा. लांब उभी पट्टी वाकताना ताणली जाते आणि सेन्सर एका बाजूने उचलते. पँटचा पट्टा खालच्या सेन्सरला ढकलत नाही ना, हे रुग्णाला एकदा वाकायला लावून पाहा.

वाकून सरळ झाल्यावर आकडा शून्याजवळ येत नसेल, तर रुग्णाला अर्धा मिनिट स्तब्ध उभं करा. आकडा हळूहळू सरकत राहिला तर जायरोस्कोपचा, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या भागाचा दोष: सेन्सर टेबलावर काही सेकंद न हलवता ठेवून पुन्हा कॅलिब्रेट करा. एका चुकीच्या आकड्यावर स्थिर राहिला तर बहुधा सेन्सरच जागचा हलला आहे, किंवा रुग्ण पूर्ण सरळ झालेला नाही.

शून्य कुठे धरायचं हा प्रश्न त्याहून नाजूक. पाठीला बाक आलेल्या रुग्णाला ‘सरळ उभे राहा’ म्हणून शून्य घेतलं, तर तो बाकच शून्यात गडप होतो. त्यामुळे पुढे आणि मागे वाकण्याची एकूण व्याप्ती, तसंच डावीकडून उजवीकडची एकूण व्याप्ती नोंदवणं जास्त भरवशाचं. बाकासाठी भिंतीपासून कानाच्या छिद्रासमोरच्या उंचवट्याचं अंतर वेगळं मोजा. त्यात सेन्सरचा काही उपयोग नाही.

मान वळवण्याच्या चाचणीत आणखी एक खोच आहे. बसून मान फिरवली की हालचाल उभ्या अक्षाभोवती होते आणि गुरुत्वाकर्षणाचा आधार मिळत नाही. सेन्सरला चुंबकमापीवर विसंबावं लागतं आणि शेजारची लोखंडी खाट त्याला सहज फसवते. रुग्णाला उताणं झोपवून मान फिरवायला सांगा, म्हणजे तोच कोन ॲक्सेलरोमीटरला (सेन्सरमधल्या त्वरण मोजणाऱ्या भागाला) गुरुत्वाकर्षणावरून कळतो. मात्र खांदे उचलू देऊ नका.

राहिली वेळ. या आजारात सकाळी अंग आखडलेलं असतं आणि हालचालीने सुटतं. गेल्या वेळी सकाळी आठला आणि आता दुपारी चारला मोजलं, तर वाढलेल्या अंशांचं श्रेय औषधाला देता येत नाही. दर वेळी तीच वेळ ठेवा, वेदनाशामक गोळी कधी घेतली ते नोंदवा, प्रत्येक हालचाल दोनदा सरावासाठी करून घ्या आणि मगच नोंद सुरू करा.