वेबहूकची सिग्नेचर फक्त मराठी नावांनाच जुळत नव्हती

रावेरच्या केळी व्यापाऱ्यांच्या नोड अ‍ॅपला बाहेरच्या पेमेंट सेवेचा वेबहूक (ती सेवा आपल्या सर्व्हरला आपोआप पाठवते तो संदेश) जोडला. संदेश खरा आहे का, हे त्यासोबत येणाऱ्या सिग्नेचरवरून तपासायचं. इंग्रजी नावाची ऑर्डर पास व्हायची; पत्त्यात देवनागरी 'सावदा' आलं की ४०१, म्हणजे ओळख न पटल्याचा एरर. सीक्रेट की बदलली, सर्व्हरचं घड्याळ तपासलं. दोन रात्री अक्षरशः डोकं फुटायची वेळ आली.

कारण: समोरून 'स' हे एकच अक्षर युनिकोड एस्केप होऊन \u0938 असं सहा कॅरेक्टरचं येतं. आपण ते पार्स करून (जेसन मजकुराचा डेटा करून) पुन्हा स्ट्रिंगिफाय केलं (डेटाचा मजकूर केला) की ते साधं 'स' होतं. बाइट बदलले, मग एचमॅक (सीक्रेट की वापरून त्या बाइटवरून काढलेली सिग्नेचर) जुळणार कसा?

आधी वेबहूकचा राउट जेसन मिडलवेअरच्या (आलेलं जेसन आधीच पार्स करणाऱ्या कोडच्या) वर नेला. त्याच राउटला एक्सप्रेसचं रॉ मिडलवेअर लावलं, टाइप अ‍ॅप्लिकेशन/जेसन. हाती आलेल्या बफरवरच (जसेच्या तसे बाइट) एसएचए-२५६ एचमॅक काढला. मग तो समोरून आलेल्या सिग्नेचरशी नोडच्या टायमिंग-सेफ-इक्वल फंक्शनने ताडून पाहिला. त्याआधी दोन्हींची लांबी तपासा, वेगळी असली तर ते एरर फेकतं. पार्स सगळ्यात शेवटी.