अध्यक्षीय ग्रंथालयासाठी जागा कशी निवडावी

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या नावाने ग्रंथालय उभारायचे ठरले की जागेची चर्चा बहुधा जन्मगावापासून सुरू होते. नियोजनाची सुरुवात मात्र एका वेगळ्या प्रश्नापासून व्हावी: त्या अध्यक्षाच्या कारकिर्दीची मूळ कागदपत्रे तिथे राहणार आहेत का? १९७८ च्या कायद्यामुळे रेगन यांच्यापासून पुढच्या अध्यक्षांचे दफ्तर राष्ट्राच्या मालकीचे असते आणि ते राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात जाते. दफ्तर येणार असेल तर साठवणीच्या खोल्या, संशोधकांचे वाचनकक्ष आणि अभिलेखागाराची मानके सांभाळावी लागतात. ओबामा यांच्या शिकागोतील केंद्राप्रमाणे मूळ कागद अन्यत्र ठेवून त्यांच्या डिजिटल प्रतींवर काम भागवायचे असेल, तर वास्तू मुख्यतः संग्रहालय आणि सार्वजनिक केंद्र ठरते, आणि मग संशोधकांच्या सोयीपेक्षा सामान्य माणूस तिथे बसने किंवा रेल्वेने कसा पोहोचेल, याला जास्त महत्त्व येते. फोर्ड यांनी तर दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या: ग्रंथालय अ‍ॅन आर्बरला, संग्रहालय ग्रँड रॅपिड्सला.

नकाशा उघडण्याआधी हिशेब मांडावा. १९५५ च्या कायद्याने रूढ झालेल्या पद्धतीत खासगी निधीतून इमारत बांधून ती सरकारकडे सोपवली जाते. पण देखभालीसाठी कायम निधीही द्यावा लागतो. त्याचे प्रमाण पूर्वी इमारतीच्या खर्चाच्या २० टक्के होते, ओबामांपासून ते ६० टक्के झाले. भव्य आराखड्याचा मोह आवरण्यास हा आकडा पुरेसा आहे.

विद्यापीठाने देऊ केलेली जमीन आकर्षक असते, कारण अभ्यासक आयतेच मिळतात. ऑस्टिनमध्ये जॉन्सन यांचे ग्रंथालय १९७१ मध्ये अशाच रीतीने उभे राहिले. परंतु कुलगुरूंचा होकार म्हणजे विद्यापीठाचा होकार नव्हे. १९८१ मध्ये ड्यूक विद्यापीठातील प्राध्यापकांनी निक्सन यांच्या ग्रंथालयाला विरोध केला आणि ते शेवटी त्यांच्या जन्मगावी, योर्बा लिंडा येथे झाले; रेगन यांचा स्टॅनफर्डचा प्रस्तावही १९८७ मध्ये बारगळला आणि ग्रंथालय सिमी व्हॅलीला गेले. म्हणून घोषणेपूर्वीच प्राध्यापकांच्या सभेचे लेखी मत घ्यावे, आणि सोबत धोरण-अभ्यासाची संस्था येणार असल्यास तिच्यावर नियंत्रण कोणाचे, हे त्याच मसुद्यात स्पष्ट करावे.

शेजाऱ्यांचा प्रश्न सर्वांत जास्त वेळ खातो. केनेडी यांचे ग्रंथालय केंब्रिजमध्ये हार्वर्डलगत व्हायचे होते. तिथली जागा रेल्वेच्या आवाराची होती, ती मोकळी होईपर्यंत वर्षे गेली, आणि दरम्यान पर्यटकांच्या गर्दीला व वाहतुकीला धास्तावलेल्या रहिवाशांचा विरोध संघटित झाला. अखेर ते बॉस्टनमधील कोलंबिया पॉइंट येथे समुद्रकाठी, १९७९ मध्ये उघडले. (वास्तुविशारद आय. एम. पेई यांची ती वास्तू पाहताना ही तडजोड होती असे वाटत नाही, हा भाग वेगळा.) अटलांटात कार्टर यांच्या ग्रंथालयापेक्षा तिथे नेणाऱ्या रस्त्यावरूनच वस्त्यांनी दीर्घ लढा दिला. तेव्हा गाड्या, बसगाड्या आणि त्यांचे तळ यांचा आराखडा पहिल्याच बैठकीत रहिवाशांसमोर ठेवावा.

सार्वजनिक उद्यानाची जागा स्वस्त वाटली तरी वेळेच्या हिशेबाने महाग पडू शकते. ओबामा केंद्रासाठी जॅक्सन पार्क २०१६ मध्ये ठरले. ते ऐतिहासिक उद्यान असल्यामुळे संघराज्य पातळीवरचे परीक्षण झाले, न्यायालयात दावे झाले आणि बांधकाम २०२१ मध्ये सुरू झाले. याउलट लिटल रॉकमध्ये क्लिंटन यांच्यासाठी नदीकाठचा जुन्या गोदामांचा पट्टा निवडला गेला आणि शेजारचा जुना रेल्वेपूल पुढे पादचाऱ्यांसाठी खुला झाला. पडीक जागेत शहराला काही परत मिळते, हे माझ्या मते तिच्या बाजूचे मोठे कारण आहे. मात्र तिथेही भूसंपादनाचा वाद न्यायालयात गेलाच.

एवढे झाल्यावर जमिनीची तपासणी करावी. पूररेषा, भूजलाची पातळी आणि हवेतील दमटपणा पाहिल्याशिवाय तळघरात कागद ठेवण्याचा विचार करू नये. पुढे वाढीव साठवणीला जागा राखावी. अध्यक्षांची समाधीही तिथेच करायची असेल, जशी ट्रूमन आणि आयझेनहॉवर यांची आहे, तर कुटुंबाचा निर्णय आणि स्थानिक परवानगी आधीच मिळवावी. शेवटी करारात जमिनीची मालकी कोणाची, वापराची मुदत किती आणि इमारत सरकारकडे सोपवल्यावर वाहनतळ व बागेची देखभाल कोणी करायची, हे तिन्ही मुद्दे नावानिशी लिहून घ्यावेत. जॅक्सन पार्कची जमीन शहराच्या मालकीची असून ओबामा फाउंडेशनला तिचा वापर ९९ वर्षांच्या कराराने मिळाला आहे.