भिंत फोडण्याआधी: घरातली लपलेली गळती कशी शोधावी

ओल जिथे दिसते तिथेच पाइप फुटला असेल, या समजुतीपायी असंख्य चांगल्या टाइल्स विनाकारण फुटतात. पाणी गिलाव्याच्या मागून उतरते, स्लॅबच्या उतारावरून सरकते, विजेच्या पाइपमधूनही वाहते आणि जिथे फट सापडेल तिथे बाहेर येते. गळती एका खोलीत आणि डाग शेजारच्या खोलीत, असे सर्रास घडते. म्हणून जाणकार प्लंबर छिन्नी सर्वात शेवटी काढतो. आधी तो एवढेच ठरवतो की हे पाणी दाबाखालच्या नळाच्या लाइनचे आहे, सांडपाण्याच्या लाइनचे आहे, की फरशीतून मुरलेले आहे.

ओल स्विच बोर्डजवळ किंवा दिव्याच्या पॉइंटजवळ असेल, तर इतर काहीही करण्याआधी त्या भागाचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा.

१. ओल वाचा

ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. दोन-तीन दिवस घरातला पाण्याचा वापर आणि ही रेघ, दोन्हींकडे लक्ष ठेवा. घर बंद असतानाही डाग वाढत राहिला, तर संशय नळाच्या लाइनवर, कारण त्या लाइनमध्ये दाब चोवीस तास असतो. अंघोळीनंतर काही तासांनी ओल गडद होत असेल, तर सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीचे सांधे पाहावे लागतील. पावसातच ती वाढत असेल, तर दोष बाहेरच्या भिंतीत किंवा गच्चीत शोधा. एसी चालू असतानाच वाढत असेल, तर त्याची पाणी जाण्याची नळी तुंबलेली किंवा निसटलेली असते. फरशीचा एखादाच पट्टा पायाला कोमट लागणे ही गरम पाण्याच्या लाइनची खूण.

हवेतला दमटपणा थंड भिंतीवर साचला तरी गळतीसारखाच डाग पडतो. हे ओळखण्यासाठी साधारण ३० सेंटिमीटर लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि २४ तास ठेवा. पाणी प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला जमले तर दमट हवेचे, भिंतीकडच्या बाजूला जमले तर भिंतीतले.

२. मीटर आणि टाकी

सगळे नळ, वॉशिंग मशीन आणि वॉटर प्युरिफायर बंद करा. टाकीत पाणी सोडणारा कॉकही बंद करा, नाहीतर टाकी भरत राहील आणि मीटर फिरत राहील. बहुतेक मीटरवर आकड्यांशेजारी एक छोटे चक्र असते. ते बारीक प्रवाहालाही फिरते. ते हलत असेल तर घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. चक्र थांबले तर गळती व्हॉल्व्हच्या पुढे, घराच्या बाजूला. फिरतच राहिले तर मीटर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये, अर्थात व्हॉल्व्ह स्वतः नीट बंद होत असेल तर. चक्र नसेल तर आकडा लिहून ठेवा आणि दोन तासांनी पुन्हा पाहा.

घराला पाणी टाकीतून येत असेल, तर रात्री टाकीत येणारे पाणी बंद करून पातळीवर खूण करा आणि सकाळी मोजा. एक मीटर लांब-रुंद टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे १० लिटर गेले. दुसऱ्या रात्री टाकीतून घरात जाणारा व्हॉल्व्हही बंद ठेवा. तरीही पातळी उतरली तर टाकीच गळते आहे. उतरली नाही, तर पाणी पुढच्या लाइनमध्ये जाते आहे.

थेंबांना कमी लेखू नका. साधारण २० थेंबांचा १ मिलिलीटर होतो, त्यामुळे सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ४ लिटरहून जास्त पाणी.

३. फ्लशची टाकी

लपलेल्या गळतीत ही सर्वात जास्त आढळते आणि ओलीचा मागमूसही सोडत नाही, कारण पाणी थेट कमोडमध्ये जाते. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर तळाचा रबरी वॉशर झिजला आहे किंवा त्यावर क्षार बसले आहेत. पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापर्यंत चढत असेल, तर दोष पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हचा. त्याचा फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) थोडा खाली केला की बरेचदा भागते.

४. नळाच्या लाइनची दाब चाचणी

यासाठी हातपंप, प्रेशर गेज (दाब दाखवणारे काट्याचे मापक) आणि पुरेसे एंड प्लग (पाइपच्या तोंडाची बुचे) लागतात. गीझरची वीज बंद करा, तो लाइनपासून वेगळा करा. चाचणीचा दाब गीझरवर किंवा लवचिक नळ्यांवर कधीही देऊ नका. नळ काढून तोंडांवर प्लग बसवा. थंड आणि गरम लाइन स्वतंत्रपणे तपासा. मिक्सर (थंड-गरम पाणी मिसळणारा नळ) जागेवर राहिला तर त्यातून एका लाइनचे पाणी दुसरीत शिरते आणि नसलेली गळती दिसते.

सर्वात उंचावरचे तोंड उघडे ठेवून लाइन भरा, हवा पूर्ण निघाली की मग बंद करा. आत राहिलेली हवा दाबली जाते आणि गेज फसवतो. दाब नेहमीच्या दाबाच्या दीडपट ठेवा. टाकीतले पाणी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर दाब साधारण १ बार (दाबाचे एकक) असतो, म्हणजे २० मीटरला २ बार आणि चाचणी ३ बारवर. जुन्या, गंजलेल्या लाइनला एवढाही दाब जपून द्या, नाहीतर चाचणीच नवी गळती करते.

प्लॅस्टिकचा पाइप सुरुवातीला किंचित ताणतो, त्यामुळे पहिल्या १०-१५ मिनिटांत काटा थोडा उतरतोच. पुन्हा दाब भरा आणि मग तासभर बघा. काटा एकसारखा उतरत राहिला तर गळती आहे. काही अंशी उतरून एका ठिकाणी थांबला, तर बरेचदा आट्यांचा एखादा सांधा ठरावीक दाबाच्या वरच पाझरत असतो. पंपाचा स्वतःचा व्हॉल्व्ह दाब धरतो की नाही, हे लाइनला जोडण्याआधीच तपासा.

५. सांडपाणी आणि फरशी

इथे क्रम पाळला नाही तर चाचणी वाया जाते. फरशी एकदा भिजली की ओल कित्येक दिवस उतरत राहते, म्हणून पाइप आधी, फरशी नंतर.

१. नरसाळे आणि नळी लावून रंगीत पाणी थेट नहाणी ट्रॅपमध्ये (बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालच्या तोंडात) ओता. फरशीवर एक थेंबही सांडू नका. १५-२० लिटर ओतून एक दिवस वाट पाहा.
२. बेसिन आणि कमोड वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या रंगांनी तपासा.
३. मग शॉवरचे पाणी फक्त भिंतीच्या टाइल्सवर मारा.
४. शेवटी ट्रॅपला बुच लावून फरशीवर २-३ सेंटिमीटर पाणी साठवा. उंबरठा त्याहून उंच हवा. कडेला खूण करून २४ ते ४८ तास ठेवा.

खाली ओल कोणत्या टप्प्यानंतर वाढली, त्यावरून दोष कळतो. शेवटच्या टप्प्यात वाढली तर वॉटरप्रूफिंग गेले आहे. नुसते ग्राउट (टाइल्सच्या फटींत भरायचा मसाला) भरून केलेली दुरुस्ती फार दिवस टिकत नाही.

६. जागा नेमकी करणे

दाबाखालची गळती आवाज करते. लिसनिंग रॉड (कानाला लावून आवाज ऐकायची दांडी) किंवा इलेक्ट्रॉनिक मायक्रोफोनने तो रात्रीच्या शांततेत ऐकू येतो. धातूच्या पाइपमधून आवाज लांब जातो, प्लॅस्टिकमध्ये लवकर विरतो, म्हणून तिथे फूटभर अंतराने तपासत जावे लागते. सांडपाण्याच्या लाइनला दाबच नसतो, तिथे हे उपकरण निरुपयोगी.

थर्मल कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, फक्त पृष्ठभागाचे तापमान दिसते. गरम लाइनमध्ये १५-२० मिनिटे गरम पाणी खेळवून मग बघितले तर पाझराची जागा पसरट डागासारखी उमटते. चकचकीत टाइल्स मात्र आसपासची उष्णता परावर्तित करून फसवतात. ओलावामापक मीटरचेही तसेच: लोणा लागलेली भिंत किंवा आतली सळई आकडा वाढवते. एकाच आकड्यावर न जाता १५-२० सेंटिमीटरच्या चौकटी आखा आणि आकड्यांची तुलना करा.

यांनी भागले नाही तर लाइन रिकामी करून तिच्यात ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजनचे मिश्रण भरतात. या प्रमाणात ते पेट घेत नाही. हायड्रोजन अतिशय हलका असल्याने काँक्रीट आणि ग्राउटमधून वर येतो आणि सेन्सर जागा दाखवतो. हे काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या.

७. फोडणे

संशयाच्या पट्ट्यातला सांधा आधी उघडा: नळामागचा एल्बो (पाइप वळवणारा जोड), पितळी आटे प्लॅस्टिकला मिळतात ती जागा, भिंतीत खिळा किंवा स्क्रू गेलेली जागा. चिकटवलेल्या सांध्यात पाइप सॉकेटमध्ये (जोडाच्या खोबणीत) पूर्ण न बसणे हेही नेहमीचे कारण. सुरुवातीला १५ सेंटिमीटरचा चौकोन पुरतो.

दुरुस्तीनंतर उघड्या भिंतीतच दाब चाचणी पुन्हा करा. एकाच लाइनवर दोन गळत्या असणे नवलाचे नाही, आणि पहिली थांबली की दुसरीवरचा दाब वाढतो. गिलावा सुकायला कित्येक आठवडे लागतात. तोवर पेन्सिलची रेघ पुसू नका, रंगही लावू नका. ओल रेघेच्या आत आक्रसत गेली की मगच घासकाम करा.