गव्हाची खळ, जवसाचा दोरा: वही शिवायची कशी

वहीचं सामान जवळजवळ सगळं शेतातलं: कापसाचा कागद, जवसाच्या खोडातून निघणारा लिननचा दोरा, गव्हाच्या चिकाची खळ. मेण तेवढं मधमाश्यांचं. मेण सोडलं तर यातली प्रत्येक वस्तू पाणी लागलं की फुगते, सुकताना आकसते. म्हणून खळीचं काम आधी उरकायचं, शिवण शेवटी.

खळ. मैद्याचीही चिकटते, पण त्यातल्या प्रथिनांमुळे ती लवकर बिघडते. चीक काढलेला बरा. कणीक घट्ट मळून अर्धा तास ठेवा आणि पातेलंभर पाण्यात चोळा. पाणी दुधासारखं होतं, हातात रबरासारखा गोळा उरतो. गोळा बाजूला काढा, पाणी गाळून रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं पाणी ओतून द्या. तळाशी बसलेला पांढरा थर म्हणजे चीक. १ भाग चिकाला ४ भाग पाणी घालून मंद आचेवर न थांबता ढवळा. पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की आणखी १० मिनिटं शिजवा, गार करून गाळा. खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, ती सोडा. मोरचूद विषारी, शिवाय त्यातलं तांबं कागदालाच खातं. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांपुरतीच खळ करावी. ती पाण्याने पुन्हा सुटते, त्यामुळे पुढे वही दुरुस्त करता येते. सुकलेला पांढरा गम असा सहजी सुटत नाही.

कव्हर. जाड कागद हलकेच वाकवून पाहा, आधी उभा, मग आडवा. ज्या बाजूने कमी अडतो, ती घडी तंतूंना समांतर असते. वहीची पाठ त्याच दिशेत घ्या, नाहीतर घडीवर कागद फुटतो. हातकागदाला अशी दिशा जवळपास नसते. खळ कागदाला लावा, कापडाला नको; पातळ सुती कापडातून ती वर येते. कापड बसवलं की आतल्या बाजूला पातळ कागदही चिकटवा. एकाच बाजूला खळ लावली तर सुकताना कव्हर तिकडे वळतं. टिपकागदात घालून वजनाखाली रात्रभर ठेवा.

शिवण. ८ कागद मध्ये दुमडले की ३२ पानांचं एक जुज होतं. कव्हर दुमडून त्यात जुज बसवा आणि घडीवर दाभणाने ३ भोकं पाडा. पाठीच्या अडीचपट दोरा मेणावरून दोनदा ओढा. मेणाने तो गुंतत नाही आणि गाठ धरून ठेवतो. आतून मधल्या भोकातून बाहेर या, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा. दोरा पाठीच्याच दिशेने ताणायचा. पानांकडे खेचलात तर भोक फाटतं, कापसाचा कागद असला तरी.