हाताने ग्रीटिंग कार्ड करताय? मग या चुका टाळा (आणि झाल्याच तर असं सावरा)

दिवाळी जवळ आली की माझ्या फोनवर कार्डांचे फोटो यायला लागतात आणि खाली एवढंच लिहिलेलं असतं, "ताई हे असं का झालं?" कुठे शाई पसरलेली, कुठे घडीवर कागद तडकलेला, कुठे पणतीचा शिक्का अर्धाच उमटलेला. इंदूरला रामबागेत आमच्या घरी रविवारी चार-सहा जणी जमतो, रबरी शिक्के, कागद, कात्र्या सगळं मांडून कार्डं करत बसतो, त्यात इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळलीय ती म्हणजे चूक जिथे दिसते तिथे झालेलीच नसते, एक पायरी आधी झालेली असते. शाई पुसली गेली की सगळे शाईला दोष देतात आणि बघायला जावं तर कागदच चुकीचा घेतलेला असतो. घडी फाटली की हात जड पडला म्हणतात, पण ती चूक तर कागद कापतानाच होऊन गेलेली असते. म्हणून खाली प्रत्येक ठिकाणी मी आधीची पायरीसुद्धा सांगतेय.

शाई वाळतच नाही, हात लावला की पसरते

ही सगळ्यात जास्त होणारी चूक आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी. आमच्या एका वहिनींनी मागे चाळीस कार्डं केली, छान चकचकीत आर्ट कार्ड आणलं आणि घरात ऑफिसच्या शिक्क्याचं जांभळं पॅड होतंच, तेच वापरलं. रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवली आणि सकाळी पाकिटात भरताना अंगठे जांभळे आणि कार्डांवर फराटे. आता यात झालं काय, तर ऑफिसच्या पॅडमधल्या शाईत ग्लिसरीनसारखं काहीतरी घातलेलं असतं कारण ते पॅड उघडं राहिलं तरी सुकू नये. ती शाई हवेने वाळत नाही, कागदात मुरते आणि मग वाळल्यासारखी वाटते. बिलबुकाच्या कागदात ती लगेच मुरते, पण चकचकीत कागदावर कोटिंग असतं, मुरायला जागाच नाही, मग पंखा लावा नाहीतर उन्हात ठेवा, ती वाळतच नाही.

क्राफ्टच्या शायांचे ढोबळ तीन प्रकार लक्षात ठेवा. डाय इंक पातळ असते, कागदात मुरते, पटकन वाळते, पण उन्हात फिकी पडते आणि बहुतेक वेळा पाणी लागलं की पसरते. पिगमेंट इंक घट्ट असते, कागदाच्या वर बसते, रंग दाट येतो, वाळायला वेळ लागतो आणि चकचकीत कागदावर तर नुसती वाळतच नाही. तिसरी सॉल्व्हंटवाली, ती उडून वाळते, म्हणून चकचकीत कागद, प्लास्टिक शीट, काच, सगळ्यावर चालते, फक्त खिडकी उघडी ठेवून वापरा, वास उग्र असतो.

इथल्या खजुरी बाजारातून कागद घेताना दुकानातच एक तुकडा मागून घ्या आणि त्याच्यावर ओलं बोट टेकवा. गडद डाग पडला तर कागद शोषणारा आहे, पाणी तसंच वर तरंगत राहिलं तर कोटेड आहे. एवढंच करायचं, दुकानदाराला काही विचारायचीसुद्धा गरज नाही.

आणि पसरलीच तर? अख्खं कार्ड फेकू नका. साध्या, न चकाकणाऱ्या कागदाच्या छोट्या चौकोनावर तोच शिक्का परत मारा, वाळू द्या आणि खराब झालेल्या जागेवर चिकटवा, कडेने दोन-तीन मिलिमीटरची रंगीत चौकट ठेवली की मुद्दाम केलेलं डिझाइन दिसतं. वहिनींची चाळीसच्या चाळीस कार्डं आम्ही अशीच वाचवली, अडीच तास लागले पण एकही वाया गेलं नाही.

शिक्क्यात रंग भरायचा असेल तर आणखी एक सांभाळा. बाहेरची रेघ ज्या शाईची आहे ती तुमच्या रंगात विरघळणारी नको. पाण्याचे रंग भरणार असाल तर रेघ वॉटरप्रूफ शाईची हवी, आणि अल्कोहोल मार्करने भरणार असाल तर सॉल्व्हंट शाई अजिबात नको, मार्कर लागला की काळी रेघ वाहायला लागते. अल्कोहोल मार्करखाली चालणारी डाय इंक वेगळी मिळते, डबीवर तसं लिहिलेलं असतं. आणि काहीही असो, त्याच कागदाच्या तुकड्यावर आधी करून बघा, दुसऱ्या कागदावर बघितलेलं धरू नका.

शिक्का अर्धा उमटतो, मध्येच कोरा राहतो

आमच्या धार जिल्ह्यातल्या बाग गावचं छापकाम कोणी जवळून बघितलं असेल तर आठवा, लाकडी ठसा कापडावर ठेवतात आणि वरून मुठीने ठोकतात, पण खाली कापडाच्या थरांची गादी असते. कागदावरचा शिक्का पण तेच मागतो. आपण काय करतो, काचेच्या टीपॉयवर नाहीतर ग्रॅनाइटच्या ओट्यावर कार्ड ठेवतो आणि जीव खाऊन दाबतो, मग कडा गडद आणि मधलं कोरं. खाली जुना माउसपॅड ठेवा किंवा सात-आठ घड्यांचा पेपर, निम्मी तक्रार तिथेच संपते.

बाकीची निम्मी तक्रार शाई लावण्यात असते. शिक्का पॅडवर घासायचा नाही, हलक्या हाताने टपटप टेकवायचा. शिक्का पॅडपेक्षा मोठा असेल तर तो टेबलावर उलटा ठेवा आणि पॅडच त्याच्यावर टेकवत फिरवा. कागदावर ठेवला की सरळ खाली दाबायचा, मोठा असेल तर बोटांनी सगळीकडे दाब द्यायचा, पण डोलवायचा नाही. डोलवलं की रबराच्या कडेची शाई कागदाला लागते आणि डिझाइनच्या बाजूला ती घाणेरडी चंद्रकोर उमटते.

पारदर्शक शिक्के (ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटवून वापरतात ते) नवीन असताना शाई धरत नाहीत, वर थेंब थेंब होतात, ते खराब नसतात, साच्यातून आलेला गुळगुळीतपणा असतो. पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा, चकाकी गेली की शाई नीट बसते. पण सिलिकॉनचे अगदी स्वस्तातले असतील तर घासूनही फार फरक पडत नाही, ते मुलांना खेळायला द्या.

सांगानेरी हातकागद मला फार आवडतो पण तो खडबडीत असतो, त्याच्यावर बारीक रेघांचा शिक्का उमटणारच नाही. त्याच्यावर ठसठशीत, भरीव डिझाइन घ्या, पान, कोयरी, पणती असं काही, आणि बारीक अक्षरं गुळगुळीत कागदावर छापून वरून चिकटवा. उमटलेला शिक्का थोडाच फिका असेल तर त्याच रंगाच्या बारीक पेनाने रेघ पूर्ण करा. शिक्का परत त्याच जागेवर नुसत्या अंदाजाने मारायला जाऊ नका, केसाएवढा सरकला तरी सगळं दुहेरी दिसतं.

मराठी अक्षरांचा शिक्का करून घेताना

याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इंदुरात राहणाऱ्या आपल्या लोकांचंच हे दुखणं आहे. मी "दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा" असा शिक्का करायला दिला आणि हातात आला तो "दिवालीच्या". मी दाखवलं तर दुकानदार अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "मॅडम, दिवाली ही तो लिखा है." त्यांची चूक नव्हती, हिंदीत रोजच्या लिखाणात ळ येतच नाही, माझा कागद बघून त्यांनी ओळखीचं अक्षर टाइप केलं. चूक माझी, की मी हाताने लिहून दिलं आणि प्रूफ न बघता निघून आले.

तेव्हापासून मी मजकूर घरीच नीट टाइप करते आणि ज्या मापाचा शिक्का हवा त्याच मापात, पांढऱ्यावर काळं, चित्र किंवा पीडीएफ करून देते. व्हॉट्सॅपवर नुसता मजकूर पाठवला तर दुकानाच्या जुन्या फॉन्टमध्ये टाकताना जोडाक्षरं फुटतात, "शुभेच्छा"चा च्छ हमखास. चित्र दिलं की त्यांना टाइप करायचंच नसतं. फॉन्ट जाड घ्या, मुक्ता किंवा बालू यांचा ठळक प्रकार चांगला चालतो, दोन्ही फुकट मिळतात. नाजूक रेघांचे फॉन्ट स्क्रीनवर गोड दिसतात पण रबरात उतरत नाहीत. अक्षर फार बारीकही करू नका. "हार्दिक"मध्ये रफार आणि वेलांटी एकाच अक्षराच्या डोक्यावर येतात, लहान मापात तिथे शाई भरून नुसता ठिपका उमटतो. मी अक्षराची उंची आठ मिलिमीटरच्या खाली कधी जाऊ देत नाही.

आणि ल, श ही अक्षरं बघून घ्या. मराठी वळण वेगळं, हिंदी वळण वेगळं. हिंदी वळणाचं चुकीचं नाही, पण आजीला कार्ड पाठवताना मला आपलंच वळण हवं असतं. शिक्का करताना स्वतः शाई भरणारा ऑटोमॅटिक शिक्का नको म्हणून आधीच सांगा, त्यात एकच रंग अडकून बसतो, साधा मुठीचा किंवा नुसतं रबर घ्या.

घरी खोडरबरावर कोरणार असाल तर उलटं कोरायचं असतं हे माहीत असूनही सगळे एकदा चुकतातच. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने लिहा, तोच कागद पालथा करून रबरावर घासा, अक्षर आपोआप उलटं उतरतं.

घडीवर कागद तडकतो

कागद बनताना त्याचे तंतू एका दिशेला लागतात. त्या दिशेने घडी घातली तर ती गुळगुळीत येते, आडवी घातली तर तडकते, जाड आणि गडद रंगाच्या कागदात आतला पांढरा दिसायला लागतो. दिशा ओळखायला ए४ कागद आधी लांबीच्या बाजूने वाकवून बघा, न दुमडता, मग रुंदीच्या बाजूने. ज्या वेळी तो सहज वाकतो, त्या वेळी घडी जिथे पडली असती त्या रेघेची दिशा तीच तंतूंची दिशा.

आता मजा बघा. ए४ म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. त्याची दोन कार्डं होतात आणि कापायच्या दोन पद्धती आहेत. २९७ची बाजू मधोमध कापली तर २१० × १४८.५चे दोन तुकडे, ते १०५वर दुमडायचे. किंवा २१०ची बाजू मधोमध कापली तर १०५ × २९७च्या दोन पट्ट्या, त्या १४८.५वर दुमडायच्या. दोन्हीकडून तयार कार्ड तेवढंच, १०५ × १४८.५, पण पहिल्यात घडी कागदाच्या लांब बाजूला समांतर येते आणि दुसऱ्यात आखूड बाजूला. म्हणून तंतू लांबीला असतील तर पहिली पद्धत, रुंदीला असतील तर दुसरी. फरक इतकाच की पहिलं कार्ड पुस्तकासारखं उघडतं आणि दुसरं तंबूसारखं, म्हणजे शिक्का कुठल्या बाजूने मारायचा ते आधी ठरवा. सी६ पाकीट ११४ × १६२चं असतं, त्यात दोन्ही बसतात.

घडी घालण्याआधी स्टीलची पट्टी लावून संपलेल्या रिफिलीने रेघ दाबून घ्या. दाबल्यावर मागे जो उंचवटा येतो तो घडीच्या आत यायला हवा, बहुतेक जणी उलटं करतात, खाच आत घेऊन दुमडतात, म्हणून घडी फुगते. कार्डाला २५० ते ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद पुरतो. तडकलेली घडी लपवायला त्याच्यावर महेश्वरी काठाची पट्टी लावा, जुन्या साडीची. मला तर ती न तडकलेल्या कार्डावरही लावावीशी वाटते.

डिंक आणि पावडर

फेविकॉल जास्त झाला की कागद लाटा मारतो, कारण त्यात पाणी असतं. मोठा कागद चिकटवायला डबल साइड टेप घ्या, फेविकॉल फक्त मणी, कुंदन, छोटे तुकडे यांना, टाचणीच्या टोकावर येईल एवढा. लाट आलीच तर वर कोरा कागद आणि जड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबा. राखीच्या दिवसांत इथे हवा दमट असते, सगळं दुप्पट वेळ घेतं, घाई करून पाकिटात भरू नका. उलट एप्रिल-मेमध्ये पॅड सुकतात, तेव्हा पॅड घट्ट बंद करून उलटे ठेवा म्हणजे शाई वरच्या बाजूला राहते.

एम्बॉसिंग पावडर, म्हणजे ओल्या शिक्क्यावर शिंपडून वितळवली की डिझाइनला उठाव येतो ती, वापरणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. शिक्का मारायच्या आधी कागदावर कापडाच्या पुरचुंडीतून थोडी टाल्कम पावडर फिरवा आणि जादा झटका, नाहीतर एम्बॉसिंगचे कण सगळीकडे चिकटून उरतात. आणि केसांचा ड्रायर चालत नाही, तो हवा जोरात मारतो आणि पुरेसा तापत नाही, पावडर उडून जाते. हीट गन लागते, ती आधी बाजूला तापवून घ्या आणि मग कार्डावर आणा. पावडर वितळून चकाकली की लगेच पुढे सरका, जास्त तापली तर ती कागदात मुरते आणि उठाव जातो. मुलं जवळ असताना गन नकोच.

शिक्के काम झालं की लगेच ओल्या कापडाने पुसा. लाकडी मुठीचे नळाखाली धरू नका, रबर सुटून येतं. पारदर्शक शिक्के ठोकळ्याला चिकटेनासे झाले तर साबणाच्या पाण्याने धुवा, परत चिकटतात. उन्हात कुठलेच ठेवू नका.

आतलं लिखाण

हे सगळं जमतं आणि मग शेवटी तयार कार्डात लिहिताना पेन घसरतो नाहीतर आत्याचं नाव चुकतं, आणि दोन तासांचं काम जातं. म्हणून आत लिहायचा कागद वेगळा ठेवा, शंभर जीएसएमच्या आसपासचा, उघड्या कार्डापेक्षा चारी बाजूंनी पाच मिलिमीटर लहान. त्याच्यावर आधी लिहा, जेल पेन असेल तर पाच-दहा मिनिटं वाळू द्या, मग दुमडून घडीच्या शेजारी टेपची एकच पट्टी लावून कार्डात बसवा. दोन्ही बाजूंनी चिकटवू नका, कार्ड मिटताना कागद चुरगळतो. आणि नाव चुकलंच तर दुसरा कागद घेऊन परत लिहा, कार्डाला काही होत नाही.