शेअर फोल्डरमधली फाईल करप्ट झाली? आधी हात आवरा

नाशिकच्या अंबडमधल्या एका वर्कशॉपमधून सकाळी सकाळी फोन, सर, सर्व्हरवरचं ड्रॉइंग उघडत नाहीये, काल संध्याकाळपर्यंत चांगलं होतं. आणि पुढचं वाक्य ऐकून मी कपाळावर हात मारला, "आम्ही रिकव्हर करून त्याच नावाने सेव्ह पण केलं." म्हणजे संपलं, मूळ फाईलच गेली. नशीब, त्याच फोल्डरमधल्या अजून दोन फायली बिघडल्या होत्या आणि त्यांना कोणी हात लावला नव्हता.

तर पहिलं काम, सगळ्यांना त्या फोल्डरमधून बाहेर काढा आणि बिघडलेली फाईल आहे तशी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं टूल) एवढ्यात चालवू नका, डिस्क मरायला टेकलेली असेल तर ते म्हणजे आजारी माणसाला ब्रह्मगिरी चढायला लावण्यासारखं आहे.

मग ती कॉपी नोटपॅडमध्ये उघडा, गंमत नाही, खरंच उघडा. साईज बरोबर दिसतेय पण आत नुसती मोकळी जागा असेल तर सर्व्हरची लाईट गेलीये आणि कॅशेमधला (तात्पुरत्या मेमरीतला) डेटा डिस्कवर पोचलाच नाही असं समजा, यूपीएस बघा. एक्सेलची xlsx फाईल सुरुवातीला पी आणि के ही दोन अक्षरं दाखवते. ती आहेत पण फाईल नेहमीपेक्षा बरीच लहान आहे, म्हणजे सेव्ह होता होता कनेक्शन तुटलं.

लोक लगेच केबलला शिव्या घालतात. पण केबल खराब असली तरी नेटवर्ककार्ड चुकलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) तपासून टाकून देतं, ते पुन्हा मागवलं जातं, त्यामुळे नेट स्लो होतं किंवा तुटतं, अक्षरं गुपचूप बदलणं फार क्वचित.

खरी परीक्षा अशी. एक-दोन जीबीची झिप फाईल घ्या, पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड द्यायची खिडकी) गेट-फाईलहॅश (Get-FileHash) चालवा, फाईलचा हॅश, म्हणजे तिच्या ठशासारखा 64 अक्षरांचा आकडा येईल तो लिहून ठेवा. फाईल शेअरवर टाका आणि आता सर्व्हरवर बसून तिचाच हॅश काढा, मग तिसऱ्या पीसीवरून काढा (ज्या पीसीवरून टाकली त्याच पीसीवरून वाचलं तर कॅशेमधलंच उत्तर मिळू शकतं, फसाल). आकडा कुठे बदलला तर वाटेत डेटा बिघडतोय. सर्व्हरवर लागोपाठ दोनदा काढून दोन वेगळे आकडे आले तर संशय रॅमवर, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचं टूल) लावून ठेवा. डिस्कच्या स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) 5 आणि 197 नंबरचे आकडे वाढत असतील तर डिस्क बदला, 199 वाढत असेल तर आधी आतली साटा केबल बदलून बघा, स्वस्तात सुटाल.

हॅश सगळीकडे सारखा आला तर मग माणसं तपासा. अॅक्सेसची (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) एकच फाईल दोघं वायफायवरून वापरत असतील तर मध्येच कनेक्शन तुटलं की ती बिघडू शकते. आणि तोच फोल्डर लिनक्सवाल्यांना एनएफएसने आणि विंडोजवाल्यांना एसएमबीने (फोल्डर शेअर करायच्या दोन वेगळ्या पद्धती) दिला असेल तर एकाचं लॉक, म्हणजे फाईल वापरात असल्याची खूण, दुसऱ्याला कळेलच याची खात्री नसते.

फाईल परत आणायची तर विंडोजची प्रीव्हियस व्हर्जन्स (फाईलच्या जुन्या प्रती) किंवा बॅकअप, रेडच्या (RAID, एकच डेटा दोन डिस्कवर ठेवायची सोय) भरवशावर राहू नका, तो बिघडलेली फाईलसुद्धा दोन्ही डिस्कवर इमानदारीत लिहितो.

अंबडला हॅश जुळले, रॅम चांगली निघाली. त्या दोन फायली मात्र अर्ध्यातच तुटलेल्या, म्हणून इव्हेंट लॉग (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडला तर दिवसातून सात-आठ वेळा कनेक्शन गेलेलं. शेवटी खाली वाकून बघितलं, नेटवर्क स्विचचा (सगळे पीसी जोडणारी पेटी) प्लग कॉम्प्रेसरच्याच बोर्डात, कॉम्प्रेसर सुरू झाला की स्विच रीस्टार्ट.