शेजारच्या प्लॉटवर बिझनेस पार्क येतोय? महापालिकेतली फाइल अशी वाचा

आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून एक मोठा रिकामा प्लॉट होता, पोरं क्रिकेट खेळायची, दसऱ्याला आपट्याची पानं तिथूनच आणायचो, आणि एक दिवस तिथे निळे पत्रे लागले. पत्र्यावर काचेच्या बिल्डिंगचं चित्र, खाली दोन टाय लावलेली माणसं हसतायत. झालं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या, एक म्हणते फ्लॅटचे भाव वाढणार, दुसरी म्हणते पाणी गेलं आता, आणि फाइल बघितलेली एकानंही नाही. मग मी गेलो बघायला. पुढचे आठ महिने त्यात गेले, त्यातून जे कळलं ते लिहितोय. शहराचं नाव लिहीत नाही, उद्या परत त्याच टेबलावर जायचंय.

सगळ्यात आधी परवानगी देतंय कोण ते बघा. हे बोलायला सोपं आहे पण निम्मी लोकं इथेच चुकतात. हिंजवडीच्या आयटी पार्कात जागा एमआयडीसीची, तिथे नकाशे एमआयडीसी मंजूर करते, महापालिकेत कितीही पत्रं टाका कुणी उघडूनही बघणार नाही. शहराच्या हद्दीबाहेर पुण्याच्या पीएमआरडीएसारखं विकास प्राधिकरण असू शकतं. प्लॉटवर बोर्ड लावणं बंधनकारक आहे, त्यावर सर्व्हे नंबर, परवानगीचा नंबर, तारीख असते. बोर्ड नसेल तर तुमचं पहिलं पत्र त्याच विषयावर टाका, तेवढंच खातं उघडतं.

आता महापालिकेतली फाइल फिरते कशी. आर्किटेक्ट एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायदा १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज करतो, सोबत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणी नकाशा, झोन दाखला आणि नकाशे. नकाशांची पहिली तपासणी आता बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअर करतं, म्हणजे एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधायचं ते), साइड मार्जिन (हद्दीपासून सोडायची जागा), जिन्याची रुंदी, पार्किंगचे डबे मोजून हिरवा-लाल रिपोर्ट काढतं. मग कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन येतो, टिपणी लिहितो, ती उपअभियंत्याकडे, तिथून कार्यकारी अभियंत्याकडे, प्रकरण मोठं असेल तर शहर अभियंता किंवा आयुक्तांपर्यंत. बाजूबाजूने फायर, ड्रेनेज, पाणी, उद्यान खात्याच्या एनओसी. कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी मानीव, म्हणजे मिळाल्यासारखीच, धरली जाते, अर्थात नकाशा नियमात बसत असेल तरच. म्हणून पन्नासाव्या दिवसाच्या आसपास फाइलमध्ये एक त्रुटीपत्र सापडलं तर दचकू नका, त्रुटीचं उत्तर आलं की ६० दिवस परत पहिल्यापासून सुरू होतात, हे दोन्ही बाजूंना पाठ असतं.

आणि आता कडू गोष्ट. या सगळ्या प्रवासात शेजाऱ्याला विचारायची कायद्यात कुठेच जागा नाही. माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात राहते, तिच्याकडे असा प्रोजेक्ट प्लॅनिंग कमिशनपुढे गेला की सिटीच्या स्टाफचा रिपोर्ट सभेच्या आधी वेबसाइटवर येतो आणि लोक माइकवर जाऊन बोलतात. आपल्याकडे एका प्लॉटच्या बांधकाम परवानगीसाठी जनसुनावणी नाही. त्यामुळे आपल्याला आधी फाइल मिळवायची आणि मग जिथे थोडी फट आहे तिथे घुसायचं, एवढाच मार्ग.

फाइल मिळवायला माहिती अधिकार. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लिहायचा नियम आहे, त्यामुळे त्यात निबंध लिहू नका, आमच्या एका काकांनी चार पानी अर्ज टाकला, शहराच्या नियोजनाचा इतिहासच, तो अर्थातच परत आला. सरळ लिहा: सर्व्हे नंबर अमुक, बांधकाम परवानगीची पूर्ण नस्ती, टिपणीच्या पानांसह, प्रत्यक्ष पाहायला मिळावी. "टिपणीच्या पानांसह" हे शब्द विसरायचे नाहीत, नाहीतर फक्त मंजूर नकाशा हातात ठेवतात. पाहणीचा पहिला तास फुकट असतो. सोमवारी दुपारी ३ ते ५ अर्ज न करता कागद बघू द्यायची पद्धत पुणे महापालिकेत सुरू झाली आणि २०१८ मध्ये राज्य सरकारनं ती बाकीच्यांनाही सांगितली, पण तुमच्याकडे चालू आहे का ते आधी फोन करून विचारा, मी दोन सोमवार नुसता बाकड्यावर बसून आलोय. आणखी एक, ऑफिसं विकायची असतील तर प्रोजेक्ट महारेरावर, म्हणजे बिल्डरांच्या सरकारी नोंदणीच्या वेबसाइटवर असतो आणि मंजूर नकाशा घरबसल्या मिळतो. सगळं भाड्यानेच द्यायचं असेल तर मात्र तिथे काही सापडणार नाही.

फाइल हातात आली की लोक पहिलं काय बघतात, किती मजले. ते नका बघू. एफएसआयच्या तक्त्याचं पान उघडा आणि रस्त्याच्या रुंदीचा रकाना बघा.

मुंबई आणि काही वगळलेल्या भागांना सोडून राज्यात डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली आहे, युडीसीपीआर. महापालिका हद्दीत दाट वस्तीबाहेर बेसिक एफएसआय १.१०. त्याच्या वर पैसे भरून प्रीमियम एफएसआय, आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा विकत आणलेला बांधकाम हक्क, आणि हे दोन्ही मिळून किती ते रस्त्यावर ठरतं. ९ मीटरपेक्षा कमी रस्ता असेल तर १.१० वरच थांबा. ९ ते १२ मीटरला एकूण २.००, १५ ते २४ मीटरला २.५०, ३० मीटर आणि पुढे ३.००. आता आमच्यासारखा निव्वळ १०,००० चौरस मीटरचा प्लॉट घ्या, २.५० ने झाले २५,०००. लोक इथेच थांबतात. पण याच्यावर ॲन्सिलरी एफएसआय असतो, जिने, लिफ्ट, लॉबी, बाल्कनी वगैरेसाठी म्हणून, तो निवासीला ६० टक्के आणि बिगरनिवासीला ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे २५,००० अधिक २०,०००, झाले ४५,०००. कागदावर अडीच दिसतो, उभा राहतो साडेचार, पार्किंगचे मजले वेगळेच. याच्यात बेकायदेशीर काही नाही हां, नियमच तसा आहे, म्हणून "एफएसआयची चोरी" असं पत्रात लिहू नका, एका ओळीत उत्तर येतं आणि तुमचं बाकीचं पत्र कुणी वाचत नाही.

माणसं किती येणार ते पण काढता येतं. आगीच्या वेळी जिने पुरतील का हे बघताना ऑफिसच्या इमारतीत राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे माणशी १० चौरस मीटर धरतात. ४५,००० भागिले १०, साडेचार हजार माणसं. हा आकडा आपल्या मनाचा नाही, संहितेच्या हिशोबातून आलाय, म्हणून पत्रात हाच वापरायचा.

तर रस्ता. आमच्या फाइलमध्ये रस्ता १८ मीटर. मी आणि सोसायटीतले रिटायर झालेले सर्व्हेअर काका सकाळी सहाला टेप घेऊन गेलो, रसवंतीच्या गाड्यापासून समोरच्या कंपाउंडपर्यंत टेप धरला, भरले ८ मीटर ४०. त्यातही एका बाजूला उघडं गटार. डीपीत, म्हणजे शहराच्या विकास योजनेत (वि.यो.), तो १८ मीटरचाच आहे, पण बाकीची जागा अजून लोकांच्या ताब्यात आहे, एक गोठा आहे, दोन घरं आहेत. नकाशावर रेघ मारलेली असली की पुरतं. आणि गंमत म्हणजे टिपणीच्या तिसऱ्या पानावर कनिष्ठ अभियंत्यानं निळ्या पेनानं लिहून ठेवलं होतं, "जागेवर रस्ता अंदाजे ८ मी., उर्वरित क्षेत्र ताब्यात नाही". चांगला पोरगा. त्याच्या खाली पुढच्या टेबलचा शेरा, "वि.यो. प्रमाणे १८ मी., मान्य". आठ महिन्यांत मला मिळालेली सगळ्यात कामाची ही दोन वाक्यं, कारण त्यानंतर भांडण आमचं आणि बिल्डरचं राहिलं नाही, त्यांच्याच दोन शेऱ्यांमधलं झालं.

रस्त्यानंतर गेट बघा. पार्किंगचा रॅम्प जिथे रस्त्याला मिळतो तिथून पुढचा चौक, शाळेचं गेट, बस स्टॉप किती लांब ते प्रत्यक्ष मोजा. तपासणारा माणूस प्लॉटच्या लाल रेघेच्या आतलं सगळं बारीक बघतो, गाडीचा डबा किती बाय किती, रॅम्पचा उतार किती, पण ती गाडी रेघेच्या बाहेर आली की ती कुणाच्याच रकान्यात नाही. आमच्या केसमध्ये दोन्ही गेट बालवाडीच्या समोर उघडत होते. सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये हिरवं.

नाला असेल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर दाखवली आहे का बघा, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची, आणि मोजणी नकाशातला नाला बिल्डरच्या नकाशात अचानक सरळ झालाय का तेही. बाकी १० टक्के मोकळी जागा, रेनवॉटर हार्वेस्टिंग या गोष्टी ते बरोबरच दाखवतात, त्यात वेळ घालवू नका.

आता फटी. पहिली, झोन बदलून हवा असेल किंवा आरक्षण हलवायचं असेल तर कलम ३७ खाली नोटीस निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. ही जाहिरात पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, सोसायटीत एक तरी माणूस ते पान वाचणारा ठेवा. दुसरी, झाडं. तोडायची असतील तर झाडावर नोटीस चिकटवावी लागते, हरकतीला मोजके दिवस मिळतात. म्हणजे बघा, साडेचार हजार माणसांबद्दल तुम्हाला कुणी विचारत नाही पण एका पर्जन्यवृक्षाबद्दल विचारतात, तर तिथे जाऊन बोला, उद्यान खात्याचा माणूस जागेवर आला की त्याला रस्तापण दाखवा. तिसरी, पर्यावरण मंजुरी. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर ती लागतेच, आणि हे क्षेत्र तळघर, पार्किंग सगळं धरून मोजायचं. या बांधकामांना पर्यावरण खात्याचीही जनसुनावणी माफ आहे, पण अर्जाची कागदपत्रं पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर असतात, त्यात पाणी किती, सांडपाणी किती, गाड्या किती हे बिल्डरनं स्वतः लिहून दिलेलं असतं. ते आणि महापालिकेतली फाइल शेजारी शेजारी ठेवा. आमच्याकडे एकीकडे गाड्या जास्त आणि दुसरीकडे कमी निघाल्या, का ते सांगायला नकोच. मंजुरीविरुद्ध हरित लवादाकडे जायचं असेल तर ३० दिवसांत, उशिराचं कारण पटलं तर आणखी ६०, आणि पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. वकिलाचा खर्च मात्र आधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मंजूर करून घ्या, नंतर सगळ्यांचे फोन लागत नाहीत.

पत्र कसं लिहायचं. एक पान. वर सर्व्हे नंबर आणि प्रकरण क्रमांक. "आमचा विकासाला विरोध नाही" हे वाक्य नको, सगळे तेच लिहितात. तीनच मुद्दे, प्रत्येकाला टिपणीचा पान नंबर, सोबत टेप धरलेला फोटो ज्यात आकडा वाचता येतो. आणि मागणी अशी करा की जी अट म्हणून टाकता येईल. "परवानगी रद्द करा" म्हटलं की साहेब हात वर करतात. "गेट उत्तरेच्या बाजूला घ्यावं", "रस्ता ताब्यात येऊन तयार झाल्याशिवाय भोगवटा (इमारत वापरायची परवानगी) देऊ नये", असं लिहिलं की त्यांना पेन उचलायला जागा मिळते. पत्र साहेबांच्या हातात देऊन चहा पिऊन परत यायचं नाही, बारनिशीत, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर द्यायचं, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घ्यायचा. नगरसेवकाचं पत्र जोडलं तर बरं, पण निवडणूक जवळ असेल तरच त्याचा वेग वाढतो.

आमचं काय झालं? गेट हललं, बिल्डिंग हलली नाही. दोन्हीतलं एक गेट मागच्या रस्त्यावर गेलं, आणि रस्त्याची अट प्रारंभ प्रमाणपत्राच्या (काम सुरू करायच्या परवानगीच्या) पाठीमागे टाइप झाली, अट क्रमांक एकवीस.

म्हणून प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत घेतली की पुढचा भाग सोडून पाठीमागचं वाचा, सगळ्या अटी तिथे असतात. मग जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणी होते, त्या आठवड्यात जाऊन साइड मार्जिन नजरेनं तरी बघून या, मजले चढल्यावर कुणी भिंत मागे सरकवत नाही. शेवटचा टप्पा भोगवटा पत्र, बऱ्याचदा ते भागाभागात घेतात, आधी दोन मजले, मग चार, आणि अट क्रमांक एकवीस नेहमी शेवटच्या भागासाठी राखून ठेवलेली असते. अर्धवट भोगवट्याचा अर्ज आला की लगेच त्या अटीची आठवण करून देणारं पत्र टाका, जुन्या पत्राची पोच जोडून. आमच्या पहिल्या पत्राची पोच माझ्याच हातून रद्दीत गेली होती, दुसरी प्रत काढायला परत माहिती अधिकार, परत १० रुपये, परत ३० दिवस, आणि तोवर दोन मजल्यांवर एसी लागले होते.